भाताची बदली

लुगड्याखाली पांढरे बूट घालणारी आमच्या गावातली पहिली बाई म्हणजे माझी मोठीआई. दुसरी अजून झालेली नाही.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नाव अनसूया, पण ते दवाखान्यातच कोणी हाक मारली तर ऐकू यायचं, आणि तेव्हाही ती आधी मागे वळून बघायची, ही कोण बाई म्हणून. नात्यानं मोठी, आवाजानं मोठी आणि मला कळायला लागलं तेव्हापासून अंगानंही मोठी. ओसरीवर ती बसली की बाकीच्यांनी उभं राहायचं असतं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. घरात तिचा विषय निघाला की प्रत्येकाला तिचं वेगळं काही आठवतं. माझ्या बायकोला तिचे टोमणे आठवतात, कारण त्यातले बरेच माझ्यावर होते आणि तिला ते पटायचे. मला आठवतात तिचे पाय.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडे. चहूकडे धानाच्या बांध्या आणि डोक्यावर विमान शिकणाऱ्या पोरांची घरघर. विमानाकडे आता बैलही मान वर करून बघत नाहीत. भाताचं मात्र तसं नाही. आमच्याकडे पोळ्या कितीही खाल्ल्या तरी ताटात भात पडेपर्यंत जेवण सुरू झालं असं कोणी मानत नाही. पाहुण्यानं पहिल्या वाढीत भात संपवला तर तो भुकेला, दुसऱ्या वाढीत संपवला तर तो आपला आणि तिसऱ्या वाढीला नाही म्हणाला तर आपलं काहीतरी चुकलं. मी गोंदियात पाटबंधारे खात्यात कारकून आहे. धानाला पाणी मिळावं म्हणून कागद हलवतो आणि घरी येऊन तोच धान शिजवून खातो. माझ्या शर्टाची खालची दोन बटणं माझ्या सेवेची साक्ष देतात.

तर बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आला होता. मोठीआई बांधीवरून घरी आली आणि नुकत्याच सारवलेल्या ओसरीवरून आत गेली. मागून तिची सून, वनिता वहिनी, कुंकवाचा डबा सांडला का म्हणून बघायला लागली. ओसरीभर एका पायाचे लाल ठसे होते. तळव्यात काचेचा तुकडा घुसला होता. चांगला मोठा, बाटलीच्या बुडाचा.

"हा माह्या पायात कवा गेला?" मोठीआईनं तो तुकडा हातात धरून विचारलं. जणू काचेनं येताना सांगून यायला हवं होतं.

गावानं ही तिची हिंमत मानली. मीही ऑफिसात सांगितलं, आमची मोठीआई काच घेऊन अख्खं शेत फिरली, हूं की चूं नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी मात्र पाय मांडीवर घेऊन टाचणीसारखं काहीतरी तळव्याला जागोजागी टोचलं आणि दर वेळी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिचं तोंड छताच्या पंख्याकडे होतं. टोचून झालं तरी तिला वाटत होतं, अजून सुरू व्हायचं आहे.

साखर तिला बऱ्याच वर्षांपासून होती. गोळ्याही होत्या. ती त्या सणासुदीला घ्यायची.

"अम्मा," डॉक्टर म्हणाले, "काँच चुभा और पता नहीं चला, ये ताकत नहीं है. ये शुगर है. गोली रोज़ लेनी है, वजन उतारना है, और नंगे पैर एक कदम नहीं. खेत में भी नहीं, घर में भी नहीं."

"पाय कापसान का?"

तिनं हे 'चहा घेसान का' अशा आवाजात विचारलं. दिलीपदादा, तिचा मुलगा, खिडकीकडे बघायला लागला. मी माझ्या चपलांकडे.

"अभी नहीं," डॉक्टर म्हणाले. "पर ऐसे ही चला, तो मैं वादा नहीं कर सकता."

परत येताना ती गाडीत होती ती नावाला. आम्हाला माहीत होतं ती कुठं आहे. ती तिरोड्याला होती, तिच्या थोरल्या बहिणीच्या खोलीत. सुमन मावशीचा पाय साखरेनंच गेला होता, गुडघ्याच्या वर. मावशी त्यानंतर खाटेवर होती, खिडकीशी. तिथून वीज केंद्राचा धूर दिसायचा. आल्यागेल्याला ती सांगायची, आज वारा इकडला आहे, आज तिकडला आहे. हयातभर शेत पायाखाली घातलेल्या बाईकडे शेवटी सांगायला तेवढंच उरलं होतं. मोठीआई तिच्याकडे राहून आली की दोन दिवस कोणाशी भांडायची नाही, आणि घर घाबरून जायचं.

गावाचा फाटा आला तेव्हा ती बोलली.

"मी खिडकीतून वारा सांगत बसनार नाई."

कोणाला सांगितलं कळलं नाही. दिलीपदादानं हो म्हटलं. मीही म्हटलं.

त्या वर्षीचा रोवणा मात्र हुकला. आमच्याकडे रोवण्याच्या पहिल्या दिवशी घरची मोठी बाई चिखलात उतरते, हळदकुंकू वाहते आणि पहिली रोपं आपल्या हातानं लावते. मग बाकीच्या बाया उतरतात. मोठीआई लग्न होऊन आली, तिची सासू थकली, तेव्हापासून हे काम तिचं. त्या दिवशी पायाला पट्टी होती. दिलीपदादानं बांधावर लाल प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आणि तिला धरून बसवलं. पहिली रोपं वनिता वहिनीनं लावली. शेतात मोठीआईला बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. बाया रोवत होत्या, पण रोजच्यासारखं कोणी बोलत नव्हतं. गावात कोणी गेल्यावर बसतात तशा वाकल्या होत्या.

"काऊन वो, थोबाडं शिवली का तुमची?" मोठीआई खुर्चीतून ओरडली. "मी मेली नाई. बसली आहो." मग दिलीपदादाकडे वळून म्हणाली, "पुढच्या साली हे खुर्ची चुलीत घालीन."

"प्लास्टिकची आहे माय."

"मंग वितळवीन."

त्या संध्याकाळी तिच्या ताटात भाताची बदली झाली. हा शब्द तिचाच. माझ्या खात्यातल्या बदल्यांची रड ती माझ्याकडून इतकी ऐकून होती की शब्द तिच्या तोंडी बसला होता. तिनं वनिता वहिनीला ताट मांडायला लावलं आणि मधोमध बोट ठेवून म्हणाली, "इथं भाजी. भात तिकडे, चटनीच्या जागी."

"अन् चटनी?"

"तिले बढती देऊ. वरनाच्या बाजूले."

नियम एवढाच होता. तिनं काही मोजलं नाही, काही लिहून ठेवलं नाही. जिथं भाताचा डोंगर असायचा तिथं अंबाडी, पालक, भोपळा, पोपटाच्या शेंगा. वरण घट्ट. आणि कडेला, पूर्वी जिथं जवसाची चटणी असायची तिथं, तेवढाच भात. पहिल्या आठवड्यात ती चिडचिडी झाली. भात शिजल्याचा वास आला की अंगणात जाऊन उभी राहायची. मी एकदा विचारलं, बाहेर काय करतेस. म्हणाली, "आत तो बोलावून राहिला." नवऱ्याचं नाव घेतात तसा आवाज होता.

सल्ले देणारे यायचे. कोणी म्हणे कारल्याचा रस घ्या आणि गोळ्या बंद करा. तिनं त्या गृहस्थाला कारल्याची भाजी वाढली आणि त्याच्यासमोर गोळी गिळली. "भाजी तुमची खातो, गोळी डॉक्टरची खातो. कोनाले नाराज करत नाई." कोणी म्हणे साखर नको तर चहात गूळ घाला. "गूळ का साखरेचा दुश्मन आहे गा? सख्खा भाऊ व्हय तो."

मीही मागे नव्हतो. गोंदियाहून मी तिच्यासाठी काचेचा वजनकाटा आणला, आकडे उजळणारा. पण आमची ओसरी शेणानं सारवलेली, कुठंच सपाट नाही. काटा या कोपऱ्यात ठेवला की एक वजन दाखवी, त्या कोपऱ्यात दुसरं. मोठीआईनं सगळे कोपरे फिरून बघितले.

"जिथं उभा करसान तिथलं बोलते हा," ती म्हणाली. "तुह्या ऑफिसातला दिसते."

मग तिनं धानाचा काटा काढायला लावला. पोती मोजायचा, लोखंडी, कोठाराच्या दारातला. मजूर बाया बघत असताना त्यावर चढली आणि दिलीपदादाला म्हणाली, मोठ्यानं वाच. दोन कट्टे, म्हणजे चाळीस किलोची दोन पोती, भरले आणि वर थोडं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मोठीआई खाली उतरली आणि माझ्याकडे बघितलं.

"आता तू."

"मी कशाला?"

"काटा बरोबर आहे का पाह्यले."

काटा बरोबर होता. माझं वर थोडं तिच्यापेक्षा जास्त भरलं. तेव्हा मात्र कोणी तोंडाला पदर लावला नाही, सरळ हसल्या. पुढं मी कधीही गावी गेलो तरी चहाच्या आधी काटा यायचा.

खरी लढाई पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नात उभी राहिली. पंगत बसली होती. वाढपी भाताची परात घेऊन आला आणि मोठीआईनं ताटावर हात आडवा धरला. "बस्स, एवढाच." वाढप्याला वाटलं ती संकोचानं नको म्हणते आहे. त्यानं पुन्हा वाढायला घेतलं. तिनं पुन्हा हात धरला. आमच्याकडे पंगतीत भाताला हात आडवा धरण्याचे अर्थ ठरलेले आहेत. एक तर यजमानाशी वैर, नाही तर घरी काही मोठं दुःख. यजमानाशी तिचं वैर नव्हतं. मग लोकांनी दुसरा अर्थ घेतला. त्यात ती आधीपेक्षा उतरलेली दिसत होती. सून भात देत नाही, म्हातारीची सवयच मोडली बिचारीची, अशी बातमी मुंडावळ्या सुटायच्या आत तिरोड्याला पोचली.

तिरोड्याला तिचा भाऊ. आम्ही सगळे त्याला मामाच म्हणतो. शांत माणूस, बोलायला कमी, आणि प्रेम करायचं झालं तर पोत्यानं करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिकअप घेऊन आला. अंगणात चिन्नोर तांदळाचं पोतं उतरवलं. सगळं अंगण वासानं भरलं. वनिता वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. मामानं तो घेतला नाही.

"आधी माह्या बहिनीले भात वाढ. मंग पानी पितो."

वहिनीचा चेहरा काच लागल्यासारखा झाला. भावानं सासरी येऊन पाणी नाकारणं म्हणजे आमच्याकडे अख्ख्या घराच्या तोंडावर मारणं. योगायोगानं, म्हणजे भाजी न्यायला, मी तिथंच होतो. मी पुढं झालो आणि नीट समजावून सांगावं म्हणून घसा साफ केला. तेवढ्यात मोठीआई आतून आली.

"कायले आला गा पोतं घेऊन?"

"लोक काय म्हनून राहिले मालूम आहे तुले? पोवाराची बाई भाताले महाग झाली."

"पोवार कुठून आले?"

"म्हंजे?"

"आपले जुने लोक कुठून आले? माळव्यातून. तिथं का धान पिकते? गहू खात होते, ज्वारी खात होते. भात आपन इथं येऊन शिकलो. जे शिकलो ते थोडं इसरलं तं का जात जाते?"

मामा हटला नाही. पोत्यावर हात ठेवून उभा राहिला. "तू वाळून गेली," तो म्हणाला. "मले पाहवत नाई."

मोठीआई पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेली. आवाज खाली आणला. ती आवाज खाली आणते हे मला तोवर माहीत नव्हतं.

"सुमनले बी तूच पोतं नेऊन देत होता," ती म्हणाली. "हेच. चिन्नोरचं. दर साली."

मामाचा हात पोत्यावरून निघाला.

"तुहं चुकलं म्हनून नाई म्हनत. तिले बी आवडत होतं, तुले बी द्यावंसं वाटत होतं. कोनाले ठाव होतं? पन आता ठाव झालं ना गा. आता बी देशीन तं मंग माहा बी पाय..." ती थांबली. "माहे दोन्ही आहेत. ते ठेवायचे आहेत मले. एवढंच आहे. ह्या पोरीनं काई केलं नाई. माह्या भाजीसाठी तिचा जीव जाते रोज. पानी पी तिच्या हातचं."

मामानं तांब्या घेतला. बराच वेळ पीत राहिला. एवढं पाणी त्यात नव्हतं.

जेवायला बसला तेव्हा मोठीआईनं त्यालाही आपल्यासारखंच ताट वाढायला लावलं. चटणीच्या जागी भात बघून तो गोंधळला आणि सवयीनं तो आधी बोटावर घेऊन चाखला. निघताना म्हणाला, "मंग आनू तं काय आनू?"

"काकड्या आन."

पुढच्या खेपेला तो काकड्यांचं पोतं घेऊन आला. भरलेलं. सारी आळी आठवडाभर काकड्या खात होती.

जखम तोवर भरली होती. डॉक्टर म्हणाले, आता चाला, पण बूट घालून. मी गोंदियाच्या बाजारात तिला बूट बघत फिरलो. बायकांच्या मापात तिचा पाय मावेना, म्हणून पुरुषांचे घेतले. पांढरेच मिळाले. ते घालून ती अंगणात फेऱ्या मारू लागली. वर शिकाऊ विमान घिरट्या घालायचं. "तो पोट्टा बी गोल गोल फिरून राहिला, मी बी फिरून राहिली," ती म्हणायची. "दोघांले बी कुठं जायचं नाई."

पावसाळा लागला आणि अंगण निसरडं झालं. फेऱ्या बंद पडल्या. माझ्याकडे घरी चालायचं यंत्र आहे, ते आणून देतो असं मी म्हटलं. माझी बायको म्हणाली, द्याच, नाहीतरी त्यावर तुमच्या पँटी वाळतात. पण मोठीआईची नजर दुसरीकडे गेली होती. मागच्या पडवीत जुनी ढेकी पडली होती. पायानं चालवून धान कांडायची. एका टोकाला मुसळ बसवलेला लांब ओंडका, दुसऱ्या टोकावर पाय देऊन दाबायचं, मुसळ वर जातं, पाय सोडला की उखळात आदळतं. धरायला वरून दोर लोंबत असतो. राइस मिल आल्यापासून तिच्यावर कोंबड्या बसत होत्या.

मोठीआईनं ती धुऊन घेतली. पण पाय ठेवायच्या वेळी सगळं अडलं. ढेकी म्हणजे धान्याची जागा, लक्ष्मी. तिच्यावर अनवाणीच चढतात, तेही आधी हात लावून नमस्कार करून. आणि डॉक्टरांनी अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलेलं. शेजारची कौसल्याबाई मुद्दाम बघायला आली होती.

"लक्ष्मीले जोडा लावतीस का बाई?"

वनिता वहिनीनंही हळूच म्हटलं, "आई, राहू द्या. दुसरं काहीतरी पाहू."

मोठीआई थोडा वेळ ढेकीकडे बघत उभी राहिली. ती देव मानणारी बाई होती. चपलेला चुकून धान लागलं तरी वाकून कपाळाला लावायची. तिला हे सोपं नव्हतं, तिच्या हातावरून दिसत होतं. लुगड्याचा काठ चुरगाळत होती. मग आत गेली, हळदकुंकू घेऊन आली, ढेकीला लावलं, नारळ फोडला आणि हात जोडून, कौसल्याबाईला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"मायबाई, बुटाचा पाय ठेवून राहिली तुह्यावर. राग आला तं माह्यावर काढजो, घरच्यायवर नोको. पन पाय राहू देजो. पाय राहिले तं तुले चालवीन. नाई राहिले तं मी खाटेवर अन् तू कोंबड्यायखाली. इचार कर."

दोर धरला आणि चढली. पहिलं मुसळ पडलं तेव्हा कोंबड्या गावभर झाल्या.

रिकामी ढेकी चालवत नाहीत, घराची बरकत जाते म्हणतात. तेही तिनं पाळलं. उखळात थोडं धान टाकायची. कोंड्यासकट निघालेला तो तांबूस तांदूळच मग चटणीच्या जागी जाऊ लागला. जेवण झालं की ढेकी, हा तिचा नेम. दुपारी गावात डुलकी घ्यायची वेळ आणि आमच्या पडवीतून धप्प, धप्प. काही दिवसांनी कौसल्याबाई हळद घेऊन आली. म्हणाली, मिलमध्ये कुटली तर वास राहत नाही. ठेव, मोठीआई म्हणाली, आणि चढली.

"बूट कवा काढशीन?" कौसल्याबाईनं विचारलं.

"तू हळद नेशीन तवा."

कौसल्याबाईनं हळद ठेवली. पुढं मिरचीही आणू लागली.

आणि मग पुढचा रोवणा आला. डॉक्टरांनी तपासून गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून उतरायला हो म्हटलं होतं, थोडा वेळ. त्यांनी एक गोळीही कमी केली होती. तिला त्याचं फार कौतुक वाटलं नाही. म्हणाली, "साखर गेली नाई, झोपली आहे. भाऊबंदासारखी असते ते. आवाज आला का उठते." तरी त्या दिवशी नवं लुगडं नेसली होती. धानाच्या काट्यावर ती तोवर जवळजवळ अर्धा कट्टा कमी भरत होती. गमबूट काळे, मासे धरणारे लोक घालतात तसे. बाया बांधावर रांगेनं बघायला उभ्या.

ती चिखलात उतरली. हळदकुंकू वाहिलं. पहिली रोपं लावली. कोणी काही म्हणायच्या आत दुसरी लावली, तिसरी लावली. आणि पुढं पाऊल टाकायला गेली तर पाय हलेना. गमबूट चिखलात रुतून बसले होते. जोर लावला की पाय बुटातून वर यायचा, बूट जागेवर.

"पाय काढून घ्या आई, आम्ही बूट मागून काढतो," वहिनी म्हणाली.

"अनवानी? नाई."

"माय, दोन पावलं तं आहेत बांधापर्यंत," दिलीपदादा म्हणाला.

"एक बी नाई."

एका वर्षात तिनं आपलं म्हणणं इतकं पोसलं होतं की आता ते चिखलातही सोडवत नव्हतं. मग तिनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. हात पोचेल तेवढ्यात तिनं रोवायला सुरुवात केली. पुढं, डावीकडे, उजवीकडे. वळून मागे. तिच्याभोवती रोपांचं गोल रिंगण झालं आणि मधे ती, देवळातल्या मूर्तीसारखी रुतलेली. बायांना हसू आवरेना. एकीनं सूर लावला, मग सगळ्याच उतरल्या आणि तिच्या रिंगणापासून पुढं रोवत निघाल्या.

तिला काढायला शेवटी मी गेलो, कारण वजनदार माणूस लागेल असं सर्वांचं मत पडलं. मी तिच्या काखेत हात घातला, दिलीपदादानं बूट धरले, आणि ती बुटांसकट सुटली. मी मागच्या मागे चिखलात. मोठीआई उभी. तिनं खाली माझ्याकडे बघितलं, मग आपल्या रिंगणाकडे.

"रोपावर नोको पडू गा," ती म्हणाली.

त्यानंतरचे बरेच रोवणे तिनं असेच केले, बुटांत, आपल्या हातानं. मधे एकदा माझ्या रक्तातही साखर निघाली. मी तिला सांगितलं तेव्हा वाटलं जवळ घेईल. तिनं पडवीकडे बोट दाखवलं. मी ढेकीवर चढलो. थोड्या वेळानं श्वास कुठून घ्यायचा हेच आठवेना. ती बाजूला उभी राहून उखळातलं धान हातानं सारत होती आणि माझ्या जिवाकडे तिचं लक्ष नव्हतं. "पाय टाक," एवढंच म्हणत होती. "धान वाट पाहून राहिलं."

गेल्या रोवण्याला, तिच्या शेवटच्या, मी गेलो तेव्हा ती खूप थकली होती. साखरेनं नाही, वयानं. गुडघे बोलायला लागले होते. चिखलात उतरणं आता जमणार नव्हतं आणि हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. दिलीपदादानं सकाळी विचारलंही नाही, गुपचूप ती जुनी लाल खुर्ची बांधावर नेऊन ठेवली. मी मोठीआईला हात देऊन, म्हणजे तिनं मला हात देऊन, आम्ही बांधावर पोचलो. तिनं खुर्चीकडे बघितलं.

"हे आतापर्यंत वितळली नाई का?"

मग माझ्याकडे बघितलं. मी धापा टाकत होतो.

"बस," ती म्हणाली. "तुह्यासाठीच आनली असन."

मी बसलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. ती शेजारी उभी राहिली, पांढऱ्या बुटांत, खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून. वनिता वहिनी अनवाणी उतरायला निघाली तर तिला थांबवलं आणि आपले गमबूट पुढं केले. वहिनीला साखर नव्हती. "होईल तवा घालीन असं नोको म्हनू," मोठीआई म्हणाली. "आधीपासून घाल." वहिनी गमबूट घालून उतरली, हळदकुंकू वाहिलं आणि पहिली रोपं लावली. मोठीआईचे ओठ हलत होते, पण नेमकं काय म्हणाली ते मी विचारलं नाही. बाया उतरल्या. वर विमान फिरत होतं. मला लाज वाटून मी उठलो आणि म्हटलं, आता तू बस.

"नाई."

"थोडा वेळ."

"तुले ऑफिस आहे ना? जाय मंग."

मी निघालो. गाडीपाशी पोचून वळून बघितलं. बांध लांब होता, माणसं ओळखू येत नव्हती, रोवणाऱ्या बायांच्या नुसत्या वाकलेल्या पाठी. पण लाल खुर्ची स्पष्ट दिसत होती, रिकामी. आणि तिच्या बाजूला, हात आता खुर्चीवरही नाही, दोन पांढरे ठिपके जमिनीवर घट्ट.